सोळा एप्रिलचे कांबळे सर

आमच्या पॉलिटेक्निकमध्ये तीन कांबळे होते. एक वर्कशॉपचे, एक ऑफिसातले आणि तिसरे रुळाचे. रुळाचे कांबळे म्हणजे यशवंत कांबळे, सर्व्हेइंग शिकवणारे. हे नाव मुलांनी ठेवलं होतं आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं. एकदा ऑफिसात कांबळे सरांसाठी फोन आला आणि शिपाई कुठले कांबळे म्हणून घोटाळला, तर शेजारी उभे असलेले सर म्हणाले, "रुळाचं काय असलं तर हिकडं दे."

मी तिथं गणित शिकवायला लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं कुठं सुरू झालं होतं. स्टाफरूममध्ये मी एकटीच बाईमाणूस. बाकीचे मला मॅडम म्हणत. कांबळे सर मात्र पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणाले, प्राथमिक शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. मला त्यात उलट जास्त मान वाटायचा. माझा स्वभाव तसा फटकळ, कुणाचं कौतुक पटकन तोंडातून निघत नाही, तेव्हा हे आज लिहून टाकते.

पहिल्याच वर्षी एप्रिलात दुपारी मी पेपर तपासत बसले होते. सर दारात उभे. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला झेंडूचा हार, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. म्हणाले, जयंती आहे, स्टेशनवर चला. चौदा एप्रिलची मिरवणूक होऊन दोनच दिवस झाले होते, गावात निळ्या पताका अजून जागच्या जागी होत्या. मी म्हटलं, "सर, जयंती परवाच झाली की."

"ती माणसाची. आजची गाडीची," सर म्हणाले.

सोळा एप्रिल. अठराशे त्रेपन्न साली त्या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी धावली. सर दरवर्षी तिची जयंती करत. भाषण नाही, फोटो नाही. भर उन्हात स्टेशनवर जायचं, जी गाडी फलाटाला लागली असेल तिच्या इंजिनाला हार घालायचा आणि ड्रायव्हरला वहिनींच्या हातचा शिरा खाऊ घालायचा. मी निव्वळ कुतूहलापोटी गेले. त्या दिवशीचा ड्रायव्हर परगावचा होता. त्यानं आधी संशयानं पाहिलं आणि नवस फेडताय का म्हणून विचारलं. सरांनी त्याला शांतपणे समजावलं की नवस नाही, तुमच्या धंद्याचा वाढदिवस आहे. तो जरा खुलला, मग म्हणाला, नारळ कुठाय? सर म्हणाले, "आमी नारळ फोडत न्हाय. शिरा खावा." त्यानं खाल्ला, आणि हार घालायला सरांना हात देऊन वर घेतलं.

ते झाल्यावर सर मला फलाटाच्या टोकाला घेऊन गेले. कोल्हापूरला गाडी येते ती मिरजेकडून, पूर्वेकडून, आणि इथं येऊन संपते. रूळ एका लोखंडी अडसराला जाऊन टेकतात. पुढं गाव, गावापुढं पश्चिमेला डोंगर आणि डोंगराखाली कोकण. सर त्या अडसराजवळ उभे राहून पश्चिमेकडं बघत होते. मी घाम पुसत परत कधी फिरायचं याची वाट बघत होते.

त्यांचे वडील हातकणंगल्याजवळ रेल्वेत गँगमन होते. आयुष्यभर त्यांनी रुळाखालची खडी ठोकली. सरांचं बालपण रेल्वेच्या खोलीतच गेलं. वडील सांगायचे की गावात पाणवठ्यावर, हॉटेलात, देवळाच्या पायरीशी त्यांना आपण कोण हे आधी सांगावं लागायचं, गाडीत मात्र फक्त तिकीट दाखवावं लागायचं. सर हे अगदी साध्या आवाजात सांगत, रागानं नाही. "बाई, त्या बाकड्यावर माझा बाप पैल्यांदा कुणाच्या तरी शेजारी बसला," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर मी त्या हाराची थट्टा केली नाही. बाकी सगळ्याची केली.

करण्यासारखंही पुष्कळ होतं. सरांच्या पंचांगात रेल्वे एकटी नव्हती. एकोणीस एप्रिलला आपला पहिला उपग्रह आकाशात गेला, म्हणून त्या संध्याकाळी सर आम्हाला कॉलेजच्या गच्चीवर नेऊन वर बघायला लावत. दिसत काहीच नसे. माना मात्र दुखत. मग चोवीस मे, तारेची जयंती. अमेरिकेत दोन शहरांच्या दरम्यान तारेनं पहिला संदेश गेला तो दिवस. सगळे वाढदिवस उन्हाळ्यातच कसे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले पावसाळ्यात माणूस छत गळतंय का बघतो, शोध कधी लावणार? मला वाटतं खरं कारण वेगळं होतं. बाकीचं वर्ष सिलॅबस पुरा करण्यात जायचं, आणि सर तास कधी बुडवत नसत.

तारेच्या जयंतीला सर टेलिग्राफ ऑफिसात जाऊन आपल्या आक्काला तार करत. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई शेतावर मजुरीला जायची तेव्हा हिनंच त्यांना कडेवर वागवलेलं. तिला दिली होती घाटाखाली, वैभववाडीजवळच्या एका खेड्यात. पहिल्या वर्षी सरांची तार पोचली आणि आक्कानं पोस्टमनला बघताच गळा काढला. तार म्हणजे कुणीतरी गेलं, दुसरं काय असणार. आळी गोळा झाली. दोघी-तिघींनी आक्काला धरलं. मग शाळामास्तरांनी तार वाचली: आज तारेचा वाढदिवस, सर्व खुशाल. आक्कानं नातवाकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं, त्यात सरांची जी संभावना केली होती ती सर आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत. पण पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तार केलीच. हळूहळू गावाला सवय झाली. पोस्टमन बांधावरूनच ओरडायचा, वाढदिवसाची हाय, घाबरू नका.

आक्काला माहेरी येता मात्र येत नसे. तिला गाडी लागायची, आणि लागायची म्हणजे साधीसुधी नाही. गगनबावड्याचा घाट ओलांडला की कोल्हापूर अडीच-तीन तासांचं, पण घाटाची पहिली दोन वळणं झाली की ती अर्धमेली व्हायची. लिंबू, आल्याचा तुकडा, डॉक्टरची गोळी, खिडकीजवळची जागा, सगळं करून झालं होतं. एकदा सरांनी एका मित्राची मोटार पाठवली, तर ती पहिल्या वळणाला उतरली आणि पायी घरी परतली. गंमत अशी की लहानपणी बापाच्या पासावर हातकणंगल्याहून कोल्हापूरपर्यंत ती कितीदा तरी रेल्वेत बसली होती आणि तिला एकदाही उमासा आला नव्हता.

सरांनी याचा अभ्यास केला होता. रस्त्याचं वळण एकदम वळतं, रेल्वेचं हळूहळू. सरळ रेषेतून वळणात शिरताना मध्ये आणखी एक रेषा घालावी लागते, थोडी थोडी वाकत जाणारी. हा धडा ते मुलांना वर्गात शिकवत नसत. मैदानावर चुन्यानं दोन वळणं आखायचे, एक घाटाचं, एक रेल्वेचं. मुलाच्या हातात काठोकाठ भरलेला पेला द्यायचे आणि पळायला सांगायचे. पहिल्या वळणावर पाणी सांडून मुलाची विजार भिजायची, बाकीचे खिदळायचे. दुसऱ्यावर थेंब सांडत नसे. "पोटातलं पाणी हलता कामा न्हाय," सर ओरडायचे, "वळलोय ते गड्याला कळाय नगं." गणितवाली म्हणून मला त्या वळणाचं समीकरण येत होतं. पण त्या समीकरणात कुणाचं तरी पोट असतं हे मला त्या मैदानावर समजलं.

मग ते वर्ष आलं. सरांची आई त्यांच्याकडेच असायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती दोन दिवसांच्या तापानं गेली. आक्काच्या गावात तेव्हा फोन नव्हता. सरांनी तार केली. पोस्टमननं नेहमीप्रमाणं बांधावरून आवाज दिला, वाढदिवसाची आलीया. त्या वर्षीची जयंतीची तार दोन-चार दिवसांपूर्वीच पोचली होती, पण पोस्टाचा कारभार, तीच पुन्हा आली असेल असं त्याला वाटलं. आक्कानं तार हातात घेतली, हसली आणि फळीवर ठेवून दिली. तिला वाचता येत नव्हतं. मुलगा संध्याकाळी रानातून आला, त्यानं सहज उघडून वाचली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाली. घाटात इतकी ओकली की कंडक्टरनंच तिला गगनबावड्याला उतरवून स्टँडवर निजवलं. दिवसभर तिला मान वर करता आली नाही, संध्याकाळच्या गाडीनं ती पुढं निघाली. आम्ही काही जण सरांच्या घरी बसलो होतो तेव्हा ती दारात आली. पदर भिजलेला, ओठ कोरडे, हातात पिळून झालेलं लिंबू तसंच. तिनं विचारलं, "झालं?" सरांनी मान हलवली. ती उंबऱ्यावरच बसली. रडली नाही. हातातलं लिंबू बाजूला ठेवून म्हणाली, "तार खोटी न्हवती रं येशा. म्याच खोटी समजली."

सर उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. अंगणात चपला उलटसुलट पडल्या होत्या, त्या ते जोडीजोडीनं लावत होते. खाली बघूनच म्हणाले, "बाई, आक्काला मी म्हायारी रेल्वेनं आणणार." त्यानंतर त्यांनी तारेची जयंती कधी केली नाही.

हे बोलणं मी तेव्हा दुःखातलं बोलणं समजले. पण सर खरोखरच त्या रेल्वेची वाट बघू लागले. कोल्हापूरहून डोंगर पोखरून कोकणात उतरणारी रेल्वे व्हावी ही गावाची जुनी मागणी. पेपरात अधूनमधून सर्वेक्षणाची बातमी यायची. बातमी आली की सर पेढे आणायचे. स्टाफरूममध्ये हा एक खेळच झाला. कुणीतरी विचारायचं, "सर, रेल्वे कुठवर आली?" सर पेढा तोंडात असतानाच म्हणायचे, "सर्व्हेपातुर." सगळे हसायचे, सरही हसायचे. आक्का आणखी म्हातारी होत चालली होती हे त्या खोलीत फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

दशक संपता संपता कोकणात किनाऱ्याकडेनं रेल्वे सुरू झाली आणि आक्काच्या गावाजवळ स्टेशन झालं. तिच्या शेतातून गाडी ऐकू यायची. सर खास बघायला गेले. ती गाडी मुंबईला जायची, गोव्याला जायची, कोल्हापूरला येत नसे. परत आल्यावर त्यांनी आक्काचं म्हणणं मला सांगितलं. ती म्हणाली होती, "गाडी माझ्या दारात आली, तुझ्या दारात हायच. मधलंच तेवढं ऱ्हायलंय." मधलं म्हणजे सह्याद्री.

पुढं सरकारनं अकरा मे हा तंत्रज्ञान दिवस ठरवला आणि सुट्टीत कॉलेज उघडून तो साजरा करायची पाळी आमच्यावर आली. सगळे कुरकुरत होते. सर खूश होते, सरकारलाही शेवटी उन्हाळाच सापडला म्हणून. प्राचार्यांनी एका पुढाऱ्याला पाहुणा बोलावलं. पाहुण्यांनी अणू, संगणक, एकविसावं शतक असं सगळं उरकलं. आभाराचं काम सरांकडं होतं. त्यांनी मांडववाल्यापासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाले, "पावण्यांनी कोकणची रेल्वे कधी हुईल तेवढं सांगावं, म्हंजे आभार पुरं झालं." पाहुणे हसले, सभा हसली, टाळ्या पडल्या. सर उत्तराची वाट बघत माईकपाशी उभेच राहिले. शेवटी प्राचार्यांनी राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं.

सर निवृत्त झाले. मग आमची गाठ सोळा एप्रिलला स्टेशनवर आणि एरवी कधीमधी बाजारात पडायची. एका वर्षी पेपरात पुन्हा सर्वेक्षणाची बातमी आली. मी वाट बघत राहिले, पण पेढे आले नाहीत. घरी गेले तर सर खाटेवर पडून होते, ब्लडप्रेशर वाढलं होतं. मी बातमीचं काढलं. म्हणाले, आक्काला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही.

त्यानंतरच्या एप्रिलात सर घरी नव्हते. वहिनींनी सांगितलं, खाली कोकणात गेलेत. पंधरा तारखेला वहिनींचा फोन आला की उद्या सकाळी हार घेऊन स्टेशनवर या, त्यांनी निरोप दिलाय. मला वाटलं तब्येत बरी नसेल, या वर्षीची जयंती माझ्या गळ्यात मारली. माझ्या वयाच्या बाईनं इंजिनाला हार घालायचा म्हणजे हसं व्हायचं, पण गेले. मुंबईहून रात्री निघालेली गाडी सकाळी लागली. मी ड्रायव्हरची परवानगी मागण्यासाठी शब्द जुळवत होते, तेवढ्यात मागून वहिनीही येऊन पोचल्या आणि म्हणाल्या, ते बघा.

मधल्या एका डब्यातून सर उतरत होते. आधी पिशवी खाली ठेवली, मग मागं वळून दोन्ही हात वर केले, आणि त्या हातांना धरून एक वाळकी म्हातारी पायऱ्या उतरली. हिरवं लुगडं, डोळ्यांवर जाड चष्मा. दोघं बहीणभाऊ मुंबईला जाणारी कोकणची गाडी धरून किनाऱ्याकडेनं वर गेले होते. मुंबईत पुतण्याकडं मुक्काम केला. मग ठाणे, कल्याण, पुणे, सातारा, मिरज असा अख्खा वळसा घालून खाली आले होते. अडीच तासांच्या वाटेला त्यांनी निम्मा महाराष्ट्र फिरवला होता. हातकणंगलं आलं तेव्हा आक्का दारात उभी राहिली आणि बापाची खोली कुठं ती शोधत होती, असं सरांनी सांगितलं. त्यांची दाढी वाढली होती, डोळे तांबारले होते, आणि ते इतके आनंदात होते की मला त्यांच्याकडं बघवेना.

"पोटातलं पाणी हललं न्हाय, बाई," ते म्हणाले. "इचारा तिला."

मी विचारायच्या आधीच आक्का बोलली. फलाट, पंखे, हमाल, सगळं एकदा फिरून बघितलं आणि म्हणाली, "येशा, एवढं लांब हाय व्हय रं माझं म्हायार? मला वाटायचं, घाटाच्या वर तर हाय."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. मी हार पुढं केला. सरांनी तो आक्काच्या हातात दिला आणि तिला इंजिनापाशी नेलं. तिनं हार ड्रायव्हरकडं सोपवला आणि आपण इंजिनाच्या अंगावर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाली, तापलंय की.

आक्का मेअखेरपर्यंत राहिली. आईच्या फोटोसमोर बसून राहायची. शेजारपाजारच्या बायका तिला जेवायला न्यायच्या. सर तिला हातकणंगल्याला घेऊन गेले. तिथं जुनी खोली नव्हती, पण तिला एक चिंच ओळखू आली. मी दर रविवारी जायची. मला सख्खी बहीण नाही, आणि त्या घरात बसून मला तिची फार आठवण यायची, नसलेल्या बहिणीची. भातपेरणीची वेळ आली तशी आक्का जायचं म्हणू लागली. सर तिला पोचवायला निघाले, आले त्याच वाटेनं.

सर त्या पावसात परत आले नाहीत. आक्काच्या घरी, जेवून हात धुताना गेले. घाटात दरड आली होती, आमच्यापैकी कुणालाच जाता आलं नाही. सोळा एप्रिल आला की अजून मला कसंतरी होतं. ऊन तेच असतं, झेंडू तोच असतो, आणि 'बाई, येताय काय' म्हणून कुणी दारात येत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघण्याच्या संध्याकाळी. आक्का खिडकीशी, सर तिच्या समोर, मध्ये वहिनींनी दिलेली भाकरीची शिदोरी. मी बाहेर गज धरून उभी होते. आक्कानं खिडकीतून माझा हात धरला. म्हणाली, "बाई, या की एकदा आमच्याकडं. लई लांब न्हाय. ह्यो घाट उतरला की आलंच आमचं घर."

मुलाच्या नकाशात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी लाल रेघ मारणारे सर. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी आक्काकडं पाहिलं आणि माझ्याकडं वळून, तिचं अगदी बरोबर आहे अशी मान हलवली. गाडी हलली, आणि घाटाकडं पाठ करून मिरजेच्या दिशेनं निघाली.